बिस्किटांच्या डब्यातलं केंद्र

ता. ९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू सुखरूप पोचल्याचं कळलं. माझा पाय अजून प्लास्टरमध्येच आहे. दुकानाच्या छपरावर चोरून एरियल लावताना पडलो हे डॉक्टरांना कसं सांगणार? म्हणून जिन्यात घसरलो असं सांगितलं. आता ते येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याला जिना उतरताना माझी आठवण ठेवायला सांगतात. बिनपरवाना रेडिओ केंद्रांचा कारागीर म्हणून कधीतरी आपलं नाव होईल असं वाटायचं. नाव झालं, पण जिन्यातून पडणारा म्हणून.

जाताना तू माझ्या टेबलावरची विणकामाची सुई उचलून नेलीस. ती तुझीच, मान्य. तुझ्या पिशवीतून ती मीच ढापली होती, तेही मान्य. पण माझ्या प्रत्येक ट्रान्समीटरची कॉइल, म्हणजे तांब्याच्या तारेचं वेटोळं, मी त्याच सुईवर गुंडाळायचो. आता पेन्सिलीवर भागवतो आहे. भावोजींचा स्वेटर जोडीच्या सुईवाचून अडला आहे असं तू म्हणालीस, म्हणून तोंड उघडलं नाही.

तुझं व्याख्यानही विसरलो नाही. भावोजींनी वायरलेस खात्यात जन्मभर चोरटी केंद्रं पकडली आणि त्यांचा सख्खा मेहुणा तीच केंद्रं बिस्किटांच्या डब्यात भरून विकतो, हे ऐकायलाही वाईट वाटतं खरं. पण माझी पद्धत चोख आहे. गिऱ्हाइकाचं नाव विचारायचं नाही, गावही नाही. मागणी शेजारच्या शिंप्याकडे येते आणि डबा त्याच्याच कापडात गुंडाळून जातो. उद्या मला पकडलं तरी सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नाही. तसंही माझ्याजवळ सांगण्यासारखं फारसं काही नसतंच.

तू गेलीस आणि लगेच एक मागणी आली. त्या गिऱ्हाइकाने इतकी घासाघीस केली की शिंप्याला घाम फुटला. वर हमी मागितली! चोरट्या मालाची हमी! शिंप्याने ती माझ्या वतीने देऊनही टाकली. डबा गेला परवाच.

भावोजींचं कसं आहे ते कळव. त्या छातीच्या इस्पितळात भेट फक्त रविवारी, त्यात ते मोजकं बोलणारे. तुझं घर फार मोठं वाटत असेल गं.

लोभ असू दे. राग असला तर तोही सविस्तर कळव.

तुझा
खुडबुड्या


ता. ४ फेब्रुवारी

चि. खुडबुड्यास अनेक आशीर्वाद.

पायाला जप. डोक्यावर पडला असतास तर निदान काही बिघडलं नसतं.

ह्यांचा ताप उतरला आहे, पण अशक्तपणा फार. पुस्तक हातात धरवत नाही. डॉक्टर म्हणतात, औषधाने जे व्हायचं ते होतं आहे, आता त्यांच्या मनाने घ्यायला हवं. रविवारी मी जाते, उशाशी बसते, आणि बोलायला सुचेपर्यंत घंटा होते.

एक गंमत सांगते. आमच्या गावात एक चोरटं रेडिओ केंद्र निघालं आहे. रोज संध्याकाळी कोणी एक बाई कादंबरी वाचते. आवाज म्हणशील तर भांडी घासल्यासारखा, पण लोक ऐकतात बापडे. ह्यांचा अख्खा वॉर्ड कानाला इअरफोन लावून पडलेला असतो. नर्स सांगत होती की त्या वेळात हे भाताची पेज न कुरकुरता संपवतात.

इस्पितळाच्या ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हरसुद्धा त्या बाईंचा भक्त झाला आहे. तो म्हणे गाडीतल्या वायरलेसवर ऐकतो. परवा नायिका दार उघडणार एवढ्यात त्याला पत्ता सांगितला गेला, तो काही त्याला ऐकू आला नाही. गाडी भलत्याच गल्लीत गेली आणि बाळंतिणीला जिन्यातच मुलगी झाली. दोघी खुशाल आहेत. जिने तुमच्या धंद्याला लाभतात असं दिसतं.

जाता जाता, असा डबा तापत असेल तर काय करावं? शेजारणीला सहज माहिती हवी आहे.

तुझी
ताई


ता. ८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसलो आणि मग हातपाय गार पडले. एक पाय तर आधीच प्लास्टरमध्ये होता.

ॲम्ब्युलन्सच्या वायरलेसवर आपल्याला हवं ते केंद्र लावता येत नाही. ड्रायव्हर कादंबरी ऐकत नव्हता, कादंबरी त्याच्या गाडीत घुसत होती. ट्रान्समीटरने आपल्या जागेवरच बोलावं, शेजारी बडबडू नये, म्हणून त्यात एक शेवटची कॉइल असते. ती जाड झाली की आवाज दुसऱ्याच्या जागेवरही उमटतो. आणि पेन्सिल सुईपेक्षा जाड आहे. पेन्सिलीवर केलेला एक डबा दुकानात उरला होता, तो मी लगेच लावून पाहिला. तोही शेजारी बडबडतो.

पेन्सिलीवर केलेला दुसरा डबा एकच, त्या घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाचा. तोच तुमच्या गावात आहे. या वेळी मुलगी जिन्यात जन्मली, उद्या कोणी जिन्यात मरेल. आणि मी त्या बाईला कळवू शकत नाही, कारण नाव-गाव न विचारण्याची माझी ती चोख पद्धत! शिंप्याच्या विनवण्या केल्या. तो म्हणतो, विसरायला मीच शिकवलं, आता आठवायचं कसं. जन्मात एक माणूस माझं शिकवणं मनावर घेतो, तोही नेमका हा.

ताई, त्या बाईला शोध. तिच्या पाया पड, पण आजच्या आज डबा बंद करायला लाव. हमीची आठवण कर म्हणावं, वाटेल तेवढी भरपाई देईन. आणि तापतो म्हणत असेल तर झाकणाला भोकं पाड.

घाबरलेला
खुडबुड्या


ता. १३ फेब्रुवारी

चि. खुडबुड्यास आशीर्वाद.

बाई सापडली. शोधायला लांब जावं लागलं नाही, ती माझ्याच स्वयंपाकघरात ओट्यापाशी पुस्तक उघडून बसली होती. तुझं पत्र आलं तसा मी डबा बंद केला.

हस आता. तुला व्याख्यान देऊन बाहेर पडले ती थेट शिंप्याकडे गेले. तुला सांगितलं असतं तर तू वर्षभर चिडवलं असतंस. गच्चीवरची कपडे वाळत घालायची तार एरियल म्हणून जोडली. पोलीस काय, शेजारच्या मांजरालाही पत्ता लागला नाही. ड्रायव्हरचं ऐकून तर मी आठवडाभर तोऱ्यात होते. त्या बाळंतिणीच्या घरी मात्र आता जाऊन आले. पोर गोड आहे. मला तिच्याकडे नीट बघवलं नाही.

तुला माहीत आहे, लग्न झाल्यापासून रोज संध्याकाळी मी ह्यांना वाचून दाखवत आले. आम्ही एरवी बोलतो थोडंच, पण वाचन चुकलं नाही. इस्पितळात ते बंद झालं आणि हे भिंतीकडे तोंड करून पडायला लागले. त्यांना वाटायला नको की बायको कायदा मोडते, म्हणून आवाज बदलून वाचत होते.

काल रविवार होता. ह्यांनी पेज परत पाठवली होती. केंद्र बंद, तरी इअरफोन कानातच होता. घरी येऊन खूप रडले.

पुन्हा लावला तर एखाद्याचा जीव जाईल. नाही लावला तर ह्यांचं काय होईल, कळत नाही. काहीतरी सुचव रे. हमी दिली होतीस ना?

ताई


ता. १७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुला चिडवायला आयुष्य पडलं आहे, आज नको. लंगडत आलो असतो, पण डॉक्टरांनी जिन्याला बंदी केली आहे. माझ्याच थापेने अडकलो.

तुझ्या स्वेटरातली सुई काढ. टाके गळतील, इलाज नाही. डब्याची विजेची पिन आधी उपटून ठेव. एरियलची तार जिथे जोडली आहेस, तिच्या लगतची कॉइल सोडव. तेवढेच वेढे नव्या तारेने सुईवर घट्ट घाल, सुई ओढून घे, आणि दोन्ही टोकं पूर्वीच्या जागी सोल्डर कर. सोल्डरिंगचं साहित्य शिंप्याबरोबर पाठवतो आहे. तो तुझं घर बरोबर शोधेल, मला आता त्याच्या विसरभोळेपणाची खात्री पटली आहे.

मग ड्रायव्हरला गाडीत बसव आणि डबा तापणाऱ्या त्या तुझ्या शेजारणीकडून दोन ओळी वाचून घे. त्याच्या वायरलेसवर शब्दही येता कामा नये. खरं म्हणजे हे तपासायला भावोजींसारखा कान दुसरा नाही. पण त्यांना विचारायची माझी छाती नाही, आणि त्यांची आधीच दुखते आहे.

खुडबुड्या


ता. ३ मार्च

श्री. खुडबुडे यांस,
स. न. वि. वि.

आपण पुरवलेल्या डब्याबाबत कळवण्यात येते की, तो आपला आहे हे पहिल्याच संध्याकाळी ओळखले. मागे अशी घरघर आपल्या दुकानातल्या मालालाच असते. निवेदिकेचा आवाज बदललेला होता, पण पान उलटण्याआधी बोट ओले करून ती जे थांबते, ते थांबणे मी आयुष्यभर ऐकले आहे. शेजारी सांडणारा आवाज मात्र माझ्या लक्षात आला नाही, कारण मी तपासत नव्हतो. ऐकत होतो. खात्यात असताना असे माझ्या हातून कधी झाले नाही.

नवी कॉइल बसवल्यावर निवेदिकेने माझ्यापाशी सगळी कबुली दिली आणि ड्रायव्हरला तपासणीसाठी माझ्याकडे पाठवण्यात आले. गाडीत आता फक्त पत्ते ऐकू येतात अशी त्याची तक्रार आहे. रोज सकाळी मी त्याला आदल्या दिवशीचे प्रकरण सांगतो. त्यामुळे डॉक्टरांच्या मते माझा दम वाढला आहे. नियमाप्रमाणे या केंद्राची मी वर्दी द्यायला हवी. बरा झालो की विचार करीन.

आता खात्याची भाषा सोडतो. पाय बरा झाला की ये, ती घरघर काढून दे.

स्वेटर अंगात आहे, पण एकाच बाहीचा. दुसरीचे टाके गळले ते तुझ्या कॉइलपायी. सुई मोकळी झाली तशी तिने ती बाही पुन्हा विणायला घेतली होती, आणि आता संध्याकाळी केंद्र बंद ठेवून आधी ती पुरी करते म्हणत होती. रविवारी तिचा हात धरून मी सांगितलं की माझा एक हात गारठला तरी चालेल, बाही राहू दे, तू पुढचं प्रकरण वाच.

तुझा
भावोजी