पुट्टीखालचा बांबू

आप्पा, तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली आणि या बावीस वर्षांत मी तुम्हाला मनातसुद्धा कधी हाक मारली नाही. आज लिहायला बसले आहे तेही मायेनं नाही. मला स्वतःची किळस आली आहे, आणि ती सांगायला तुमच्याखेरीज दुसरं कुणी सुचत नाही, याचा वेगळा संताप आहे.

तुम्हाला ठाऊक नसलेलं आधी सांगते. मी शाळेत चित्रकला शिकवते आणि गेली सहा वर्षं सुट्टीच्या दिवशी गच्चीवर बांबूच्या सायकली बनवते. चाकं, चेन, पायडल जुन्या सायकलींची, सांगाडा तेवढा बांबूचा. गारगोटीकडून चांगले भरीव बांबू आणायचे, कीड लागू नये म्हणून औषधाच्या पाण्यात बुडवून ठेवायचे, मग तीन-चार महिने सावलीत वाळवायचे. सांधे तागाच्या दोरानं आवळून वर रेझिन चोपडायचं, ते सुकलं की हातोडीलाही दाद देत नाही. शेवटी रंग. खरं म्हणजे बाकी सगळा खटाटोप मी त्या रंगासाठीच करते. रेघ ओढताना श्वास धरायचा आणि मनगट नाही, अख्खा हात हलवायचा, हे तुमचंच शिकवणं. ते मात्र मी टाकून दिलं नाही.

दहावीची सुट्टी. उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये मी तुमचा डबा घेऊन आले आहे. तुम्ही एका जुन्या मॅटॅडोरमध्ये उकिडवे बसला आहात, कारण ती आता शाळेची गाडी होणार आहे. मागच्या दाराजवळचा पत्रा गंजून चाळणी झालाय, खालची जमीन दिसते. तुम्ही त्यावर पुट्टीचा थर देताय, इतक्या सफाईनं की मी बघतच राहिले. मग म्हणाले, आप्पा, हे कुजलंय की. तुम्ही मान वर केली नाही. "रंगाऱ्यानं रंग द्यायचा. आतलं मालक बघंल." एवढंच म्हणालात आणि डबा उघडायला सांगितलंत. महिनाभरानं एका मुलीचा पाय त्या पत्र्यातून आरपार गेला, पोटरी फाटली. ही बातमी तुम्हीच घरी आणलीत. आईनं कपाळाला हात लावला. तुम्ही भाकरी मोडली, आमटीत बुडवली आणि खाल्लीत. मला ते चावणं ऐकवेना. मी ताट सरकवलं आणि म्हणाले, यापुढं मला तुमच्या हातचं काही नको.

त्यानंतर तुम्ही जेवायला बसण्याआधी रॉकेलनं हात घासायला लागलात. आधीही घासायचात, पण आता कोपरापर्यंत, कातडी लाल होईस्तोवर. तुम्हाला वाटलं असेल मला रंगाचा वास सहन होत नाही. किंवा कळलं असेल आणि तसं वाटल्याचं सोंग घेतलं असेल. मी काही विचारलं नाही. तुम्ही गेलात तेव्हाही माझ्या डोळ्यांसमोर तो पत्रा होता.

आता माझं ऐका. आमच्या शाळेच्या लायब्ररीतल्या बाई या वर्षी निवृत्त झाल्या. वीस वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो. माझ्या या मैत्रिणीचं बालपण वारणानगरच्या कामगार वसाहतीत गेलं, शाळेला सायकलनं जायची. लग्न ठरलं तेव्हा वडिलांनी सायकल विकली, त्यानंतर ती कधी सायकलवर बसली नाही. रोज सकाळी रंकाळ्याला सायकलनं फेरी मारायची, एवढंच तिला निवृत्तीत करायचं होतं. मी शब्द दिला की सायकल मी करीन. हेडमास्तरांनी ते निरोप समारंभाच्या पत्रिकेत छापूनही टाकलं.

शनिवारी समारंभ, आणि बुधवारी दुपारी मागच्या चाकाकडे जाणाऱ्या बांबूखाली मला तांदळाच्या पिठासारखा भुसा पडलेला दिसला. सुईच्या टोकाएवढी पाच-सहा भोकं होती. टिचकी मारली तर आवाज बद्द आला. घाईघाईत हा एक बांबू मी औषधातून लवकर काढला होता. बदलायचा तर दोन सांधे कापून नव्यानं बांधायला लागले असते, महिना सहज गेला असता. उशीर होईल असं सांगता आलं असतं. ती रागावली नसती. पण मला शनिवारी टाळ्या हव्या होत्या. मी पुट्टी कालवली, भोकं भरली, कागदानं घासून गुळगुळीत केली. वर वांगी रंगाचे दोन हात दिले आणि त्याच बांबूवरून पिवळी रेघ ओढली. हात जरासुद्धा कापला नाही.

समारंभ तुम्हाला आवडला असता. शाल, श्रीफळ, पर्यावरणावर दोन भाषणं. संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यानं सायकल थोपटून लोखंडाच्या तोंडात मारेल अशी आहे म्हणून सांगितलं, आणि मी पेढा चघळत मान डोलावली. तो पेढा अजून टाळूला चिकटल्यासारखा वाटतो. तिनं मैदानात एक चक्कर मारली, नऊवारीचा काष्टा मारून, आणि पोरं ओरडत मागं धावली.

तीन आठवड्यांनी रंकाळ्याहून परतताना उतारावर तो बांबू मोडला. तिचा उजवा हात दोन ठिकाणी, पुढचे दोन दात. मी दवाखान्यात गेले तेव्हा तिचं तोंड सुजलेलं होतं आणि तरी तीच मला समजावत होती. "आगं, माझंच वजन वाढलंय की. तुझ्या सायकलीला कशाला बोल लावू? दात बसवून घेतो, तवर तू नीट करून ठेव." मी मोसंबी सोलत बसले. अख्खी मोसंबी सोलली, सालपटं पिशवीत भरली, घरी आले.

तिच्या मुलानं मोडकी सायकल गच्चीवर आणून दिली. मी तो बांबू करवतीनं उभा चिरला. आत नुसतं पीठ होतं आणि त्यात पांढऱ्या, आखडलेल्या अळ्या, काही अजून वळवळत होत्या. बाहेरून रंगाला एक चरा नव्हता. तुमच्याबद्दल बाळगलेली इतक्या वर्षांची घृणा मला तेव्हा फार फुकटची वाटली. तुम्हाला निदान मालक होता, घरात आम्ही चार तोंडं होतो. मला कुणी सांगितलं होतं?

परवा मी तिच्याकडे गेले. ती स्वयंपाकघरात होती, हात गळ्यात अडकवलेला, चहाला आधण ठेवत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "कवा कळलं तुला?"

"रंग द्यायच्या आधी."

"म्हंजी माहीत असून माझ्या हातात दिलीस."

तिनं डाव्या हातानं गॅस बंद केला. ओट्यावर काढून ठेवलेले दोन कप पुन्हा फळीवर नेऊन पालथे घातले आणि माझ्याकडे न बघता बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. मी चपला घालून निघाले. तिनं मला थांबवलं नाही. कालपासून दोनदा फोन केला, उचलला नाही.

हा कागद कुठं धाडायचा नाही, म्हणून आणखी एवढं लिहिते. मी तिच्याकडे कबुली द्यायला गेले ते खरं सांगावं म्हणून नाही. वीस वर्षांत ती मला कुठल्याही गोष्टीवर 'असू दे' म्हणत आलीय, परवाही म्हणेल याची खात्री होती म्हणून गेले. ती म्हणाली नाही. आणि आप्पा, त्याचा मला तिच्यावर राग आलाय.