मेयरचा मेहुणा

ग्लासगो,
२५ ऑक्टोबर १९८७

ती. यमुनाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या हाउन्सलोच्या वादळात मागचं झाड आडवं झालं हे तुझ्या रवीनं फोनवर सांगितलं. कुणाला लागलं नाही हे नशीब. टीव्हीवाल्यांनी आदल्या दिवशी अवाक्षर काढलं नव्हतं म्हणे!

इथं माझ्या डोक्यात वेगळंच वादळ आहे. सुमेधा अमेरिकेत ज्या पेपरात वार्ताहर आहे, तो मी पोस्टानं मागवतो हे तुला ठाऊकच आहे. महिन्याच्या सुरुवातीला गठ्ठा आला. पहिल्या पानावर कन्येचं नाव! त्यांच्या ओहायोतल्या गावाच्या मेयरनं रस्त्यावरचा बर्फ काढायचं कंत्राट गुपचूप आपल्या मेहुण्याला दिलं, अशी बातमी. मी हॉस्पिटलात राउंड सोडून सगळ्या नर्सना दाखवली. मग सावकाश वाचायला बसलो, तर निम्मा कॉलम मेयरच म्हणतोय की असं काही झालंच नाही. अगं, केलं असेल तर केलं म्हणा, नसेल तर नाही म्हणा! त्याच गठ्ठ्यातला पुढचा अंक उघडला, तर अग्रलेखात तोच पेपर सांगतो, मतं याच मेयरला द्या, माणूस अनुभवी आहे. माझी तर मतीच गुंग झाली. पेपर आपल्याच वार्ताहरावर उलटला, म्हणजे पोरीनं काहीतरी खोटंनाटं लिहिलं असणार. तुला दुसरा अर्थ लागतो का?

शेवटी बापाच्या नात्यानं मीच संपादकांना लिहिलं. मुलगी लहान आहे, उतावळी आहे, चूक पोटात घाला, नोकरीवरून काढू नका. परवा त्यांच्या ऑफिसातून थेट इथं फोन! पत्र तुम्हीच लिहिलंत ना, एवढंच विचारलं. किती सभ्य माणसं! सुमेधाला यातलं काही कळवू नकोस, उगीच मनाला लावून घेईल.

हिचा नमस्कार. धाकट्या भावावर माया आहेच, थोडी अक्कलही पाठव.

तुझा,
शशिधर


हाउन्सलो,
२९ ऑक्टोबर १९८७

चि. शशिधर यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून कपाळावर हात मारून घेतला. अक्कल पाठव म्हणतोस, ती ठेवणार कुठे? एवढा मोठा डॉक्टर, आणि हे उद्योग!

खरं सांगायचं तर मलाही काही उमगलं नाही. दुकानात रोज सकाळी मी सगळे पेपर लावते. ज्याचा मालक पंतप्रधानबाईंच्या बाजूचा, तो पेपर पहिल्या पानापासून फुटबॉलच्या पानापर्यंत बाईंच्या बाजूचा. गिऱ्हाइकाला निदान कळतं तरी, आपण काय विकत घेतोय. हे तुझ्या अमेरिकनांचं एका हातानं चिमटा काढायचा आणि दुसऱ्या हातानं कुरवाळायचं, हे काही माझ्या डोक्यात शिरत नाही.

पण एक सांग, पोरीला विचारलंस का? नर्सना दाखवलंस, मला लिहिलंस, समुद्रापलीकडच्या संपादकाला लिहिलंस, आणि तिलाच तेवढं कळवू नको म्हणतोस. लहान कसली रे? तिच्या वयाला तू बाप झाला होतास. मी काही गप्प बसणार नाही. तिला आजच लिहितेय.

रागावलास तर चार दिवस रागाव, मग फोन कर.

तुझी,
ताई


ओहायो,
६ नोव्हेंबर १९८७

प्रिय आत्या,
सा. न. वि. वि. (हे तूच शिकवलंस. बाकीच्या चुका माझ्या.)

तुझं पत्र काल मिळालं, बट टू लेट. बाबांचं पत्र रविवारच्या अंकात वाचकांच्या पत्रांमध्ये छापून आलं. इलेक्शन मंगळवारी होतं. मेयरनं ते टीव्हीवर वाचून दाखवलं. म्हणाला, हिचे स्वतःचे वडीलच सांगतात, ही उतावळी आहे. मंगळवारी तो जिंकला, आणि चांगला जिंकला.

मला नोकरीवरून कुणी काढणारच नव्हतं. अग्रलेखवाले वरच्या मजल्यावर बसतात. ते आम्हाला विचारत नाहीत, आम्ही त्यांना विचारत नाही. त्यांनी मेयरला सपोर्ट केलं म्हणजे माझी बातमी खोटी, असं ऑफिसात कुणी धरत नाही. आणि मेयरला निम्मा कॉलम द्यावाच लागतो, त्याची पण बाजू असते. सुरुवातीला मला पण हे सगळं वियर्ड वाटायचं.

बाबांचं पत्र आलं तेव्हा एडिटरनं मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाला, छापायचं की नाही, तू सांग. आत्या, मी छापा म्हटलं. दुसऱ्या कुणाविरुद्ध असतं तर आम्ही छापलंच असतं ना? मग टॉयलेटमध्ये जाऊन खूप रडले. मी बरोबर केलं का? आय ऑनेस्टली डोन्ट नो. रोज फोन उचलते आणि ठेवते. बाबांना वाटलं मी खोटं लिहिलं. नुसतं वाटलं, आणि त्यांनी ते अख्ख्या गावाला सांगून टाकलं.

आत्या, तू तरी माझ्या बाजूनं आहेस ना?

तुझी,
सुमेधा


ग्लासगो,
१४ नोव्हेंबर १९८७

चि. सुमेधास,
अनेक आशीर्वाद.

ताईनं तुझं पत्र फोनवर वाचून दाखवलं. ऐकल्यापासून अन्न गोड लागत नाही. अगं, मी एका माणसाला खाजगीत लिहिलं होतं. ते चारचौघांत छापतील हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. आणि मी वेडा, तो फोन आला तर सभ्य माणसं म्हणून खूश झालो!

तुमचं वरचा मजला, खालचा मजला मला अजून समजलेलं नाही. लोकांनी बातमी वाचली आणि तरी त्यालाच निवडून दिला, हेही समजत नाही. मग छापायची तरी कशाला? विचार करून करून डोकं शिणलं.

एवढंच कळतं, की काय होतंय ते विचारल्याशिवाय मी आजवर एकाही पेशंटला औषध लिहिलं नाही, आणि पोटच्या पोरीला विचारलं नाही. फार उशिरा विचारतोय. सुमे, ती बातमी खरी होती का?

खरी असेल तर संपादकांना दुसरं पत्र पाठवतो, माझी मुलगी खोटं लिहीत नाही म्हणून. छापू देत, वाचू दे सगळ्या गावाला.

रागावण्याचा तुला हक्क आहे, पण उत्तर दे.

तुझा,
बाबा


ओहायो,
२३ नोव्हेंबर १९८७

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

हो, खरी होती. कंत्राट मी स्वतः पाहिलं, मेहुण्याशी स्वतः बोलले.

लोकांनी मेयरला परत का निवडलं, ते मला पण कळत नाही. सुपरमार्केटमध्ये एक बाई भेटली. म्हणाली, तुझं सगळं वाचलं, खरंच असणार, पण आमचा रस्ता सकाळी साफ असतो.

माझा राग अजून गेला नाही. पण तुम्ही विचारलंत, ते बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

एडिटरला दुसरं पत्र पाठवू नका. ते छापणार नाहीत. बाप मुलीच्या विरुद्ध बोलला तर इथं ती बातमी होते. मुलीच्या बाजूनं बोलला, तर त्यात बातमी काय?

ते पत्र मला पाठवा.

तुमचीच,
सुमेधा