पाठ टेकण्यापुरती जागा

आप्पा,

परवा फुई येऊन गेली. तुमची धाकटी बहीण. आता तीही म्हातारी झाली आहे, गुडघ्यावर हात देऊन पायऱ्या चढते. ओसरीवर बसून तिने चहा बशीत ओतला आणि मला विचारलं, "काय वं, तुमना इमानमा पलंग ऱ्हास म्हने? गादीवाला? आनि चहा कोन आनी देस, ती टोपीवाली पोरगी?" टीव्हीवर कुठल्याशा सिनेमात तिने विमानातला पलंग पाहिला होता. मी म्हटलं, "फुई, मन्हा इमानमा पोरगी मीच शे. चहा मीच करस." ती खूप हसली. तिला वाटलं, मी थट्टा करते आहे. जाताना माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, तुझ्या बापाचं स्वप्न तू पुरं केलंस. तेव्हापासून माझं डोकं फिरलं आहे, म्हणून हे लिहायला बसले.

मी आपल्या गावी, प्रकाशाला, येऊन बरेच दिवस झाले. गावाला वाटतं, रजा काढून आईपाशी राहायला आले. आईलाही मी तेच सांगितलं आहे. खरं तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आता कोणाला सांगायला जाणार नाही. कंपनीने मला घरी बसवलं आहे. माझी चौकशी चालू आहे, आणि नोकरी राहिली की गेली ते फोन येईल तेव्हा कळेल. गुन्हा काय, तर एका उड्डाणाला मी नाही म्हटलं. माझी झोप झालेली नव्हती म्हणून.

सिनेमातला वैमानिक कसा झोपतो, ते तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच मला सांगितलं होतं. पांढरा इस्त्रीचा शर्ट, छातीवर टोपी, अंगावर रेशमी चादर, बाजूला मंद दिवा. एक बटण दाबलं की विमान शहाण्या बैलासारखं आपलं आपण चालतं, आणि कोणीतरी लाडाने हलवून जागं करतं. माझं विमान माल वाहतं, आप्पा. त्याला खिडक्या नाहीत, प्रवासी नाहीत, टोपीवाली पोरगी नाही. चालकांच्या खोलीच्या मागे एक कपाटाएवढी जागा असते, तिच्यात एकावर एक दोन फळ्या, फळीवर पातळ गादी आणि समोर पडदा. लांबच्या उड्डाणाला आम्ही चौघं असतो. दोघं चालवतात, दोघं झोपतात, मग पाळी बदलते. मी जुना सुती पंजाबी ड्रेस घालते, कानात बोळे घालते, आणि पांघरुणावरून पट्टा आवळून घेते, कारण हवा खवळली तर माणूस फळीवरून उडून छताला आपटतो. आधी झोपलेल्या पुरुषाच्या डोक्याची ऊब उशीत तशीच असते. हवा इतकी कोरडी की ओठ फाटतात, नाकातून रक्त येतं. खाली कधी घोडे असतात, कधी नुकती अंड्यातून निघालेली पिल्लं. पिल्लांचा आवाज वरपर्यंत येत नाही म्हणतात, पण एकदा ती आहेत हे माहीत झालं की मला ऐकू येतोच. चढताना, उतरताना तर वळकटी बांधून सरळ बसावंच लागतं. आणि ज्याला झोपेची पहिली पाळी मिळते त्याला झोप येत नाही, कारण शरीर अजून जागंच असतं. तो अंधारात डोळे मिटून पडतो आणि पुढे आपल्याला उतरवायचं आहे याचा विचार करत राहतो. याला आमच्याकडे विश्रांती म्हणतात. दुरून डोंगर साजरे, हे सातपुड्याच्या पायथ्याला वाढलेल्या पोरीला वेगळं सांगायला नको होतं.

ही फळी पहिल्यांदा पाहिली तेव्हा इतर नवी मुलं फोटो काढत होती आणि मला मिरचीचा वास आला. मी खोटं सांगत नाही. तुम्ही चालवायचात त्या लक्झरी बसची डिक्की आठवली. आईने मला डबा देऊन शहाद्याला पाठवलं होतं, सहावीत असेन. उन्हात गाडी उभी, आणि सामानाच्या डिक्कीचं झाकण अर्धवट उचललेलं, मध्ये वीट लावलेली. त्या फटीतून तुमचे दोन पाय बाहेर आलेले. क्षणभर मला वाटलं, तुम्ही मेलात. मी पाय ओढले तर तुम्ही शिवी देऊन उठलात, डोकं पत्र्याला आपटलं, मग मला पाहून हसलात. "ये, मझार ये," म्हणालात. मी आत सरपटत शिरले. एका बाजूला पुण्याला जायची ओल्या मिरचीची पोती, दुसऱ्या बाजूला कुणाची शिलाई मशीन, आणि मध्ये आईने शिवलेली गोधडी. मला शिंकांवर शिंका यायला लागल्या. तुम्ही म्हणालात, सवय झाली की वास येत नाही. शहाद्याहून पुण्याला जाताना दोन ड्रायव्हर. एक चालवतो, दुसरा या भोकात पडतो, अर्ध्या रस्त्यात अदलाबदल. वर आरामात पाय पसरलेल्या माणसांना ठाऊकही नसायचं की त्यांच्या खाली एक माणूस पोत्यांबरोबर हिंदकळतो आहे. तुम्ही ते मला किती कौतुकाने दाखवलंत, आप्पा! घर दाखवावं तसं. मी म्हटलं, मीही ड्रायव्हर होईन. तेव्हा तुम्ही माझा कान असा पिळलात की डोळ्यांत पाणी आलं. "आठे? या भोकमा?" एवढंच म्हणालात, आणि डबा न खाताच बाहेर जाऊन बिडी पेटवलीत.

त्यानंतरच तुमच्या डोक्यात ते विमान शिरलं. गाडीत टीव्ही होता आणि गाडीच्या मालकाकडे, शेठकडे, सिनेमे मोजकेच. त्यातला तो वैमानिकाचा सिनेमा गाडी सुटली की लागायचा. तुम्ही तो कधी सरळ बसून पाहिला नाहीत. डोळे रस्त्यावर, कान मागे, आणि वेळ मिळाला तर आरशात एक नजर. तेवढ्यात तुम्ही तो पलंग पाहिलात. सुट्टीत मला पुण्याला नेलंत तेव्हा मी केबिनमध्ये तुमच्या बाजूला बसले होते आणि तो प्रसंग आला. तुम्ही आरशाकडे हनुवटी करून म्हणालात, "देख, डायव्हर झोपना, तरी इमान चाली ऱ्हायनं. आशी डायव्हरकी पाहिजे. तू इमाननी डायव्हर व्हय. निदान पाठ टेकाले जागा तरी भेटी." लोक पोरांना मानासाठी वैमानिक करतात, परदेशासाठी करतात. तुम्ही मला झोप मिळावी म्हणून केलंत. एवढी साधी गोष्ट तुम्हाला हवी होती आणि तीच तुम्ही सगळ्या जगात नेमकी चुकीच्या दारात मागितलीत. शिष्यवृत्ती मिळाली, मामाने शेताचा तुकडा विकला, मी शिकले. प्रवासी कंपन्यांत जागा नव्हत्या, म्हणून माल वाहायला लागले. आगीतून फुफाट्यात. फक्त फुफाट्याला पगार बरा आहे.

तुम्ही मात्र त्याआधीच गेलात, आणि कसे गेलात तेही मी आज बोलणार आहे, कारण या घरात ते कोणी बोलत नाही. मी तेव्हा अकरावीत होते. सकाळी तुम्ही पुण्याहून आलात. अंघोळ करून आडवे झालात तोच शेठचा निरोप, दुसऱ्या गाडीचा माणूस लग्नाला गेला, संध्याकाळची गाडी न्यायची आहे. तुम्ही शेठकडे गेलात, परत आलात, कपडे घालायला लागलात. आई दारात आडवी उभी राहिली. "तुमना डोया लालभडक शेतस. आज नका जाऊ." तुम्ही म्हणालात, "गाडी काय मन्हासाठे थांबी का? शेठ म्हनना, अर्धा रस्ता दुसरा चालाडी, तू डिक्कीमा झोप. झोपसू ना." शेठने झोप अशी दिली जशी काही ती त्याच्या खिशात होती, आणि तुम्ही ती घेतलीत. त्या भोकात कोणाला झोप लागत नाही हे तुमच्याइतकं कोणाला माहीत होतं? तुम्ही नाही म्हणू शकला असतात. तुमच्यासारखा हात त्या मार्गावर दुसऱ्या कुणाचा नव्हता, शेठने तुम्हाला काढलं नसतं. पण गाडीला नाही म्हणणं म्हणजे मर्दाला कमीपणा. ड्रायव्हर लोकांत ज्याने लागोपाठ जास्त फेऱ्या केल्या तो वाघ. तुम्हीही वाघ. पहाटे उभ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर वाघाने गाडी घातली. तुमच्याबरोबर मागच्या बाकावरची एक बाई गेली, धडगावकडची, पुण्याला बांधकामावर निघालेली. तुमच्या फोटोला या घरात दर वर्षी हार पडतो. तिच्या घरी फोटो तरी होता की नाही, मला माहीत नाही. "डुलकी लागनी बिचाराले," असं म्हणून लोकांनी विषय मिटवला. मला त्या 'बिचाऱ्या'चा संताप येतो, आप्पा. तेव्हाही यायचा. बिचारी ती होती.

म्हणून मी नाही म्हटलं. आफ्रिकेतल्या एका गावी आमचं विमान गुलाब भरून उभं होतं. हॉटेलात आमची वेळ सारखी बदलत होती. आता निघायचं, आता नाही, झोपा, उठा, तयार राहा. वरच्या मजल्यावर फरशा फोडत होते. कागदावर माझी विश्रांती पूर्ण झाली होती, कारण मी खोलीत होते. फोन करून मी कळवलं की माझी झोप झालेली नाही, मी उडवणार नाही. तसं सांगण्याचा मला अधिकार आहे, प्रशिक्षणात तो मोठ्या आवाजात शिकवतात. पलीकडचा साहेब अगदी गोड बोलला. म्हणाला, अगं, चौघं आहात ना, तू पहिली पाळी घे, विमानात पलंग आहे, तिथे झोप. ऐका, आप्पा. भाषा इंग्रजी, माणूस दुसऱ्या खंडातला, आणि शेठचंच वाक्य. मी म्हटलं, विमानात चढताना माणूस ताजा असायला हवा, ती फळी जादा आधारासाठी आहे, बुडालेली झोप भरून काढायला नाही. तो म्हणाला, बाकी तिघांना काही अडचण नाही. तिघांचेही डोळे मी पाहिले होते. कॅप्टनने तर नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं, एवढं नाजूक असून या धंद्यात चालत नाही. बदली माणूस येईपर्यंत गुलाब सुकले. मग उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांनी विचारपूस सुरू केली, हॉटेलात टीव्ही किती वेळ पाहिला, घरी काही ताण आहे का, लग्न का केलं नाही.

तेव्हापासून इथे आहे. गंमत बघा, आता मऊ गादी आहे, वर पंखा आहे, मला उठवायला कोणी येणार नाही, आणि मला झोप येत नाही. कड बदलत पडते. मनात तुमच्याशी भांडते. मी जिंकते दर वेळी, कारण तुम्ही उत्तर देत नाही. तुम्हाला जे जमलं नाही ते मी करून दाखवलं, असं स्वतःला सांगते, आणि थोडं बरं वाटतं.

आज दुपारी फोन आला. चौकशी मिटवली म्हणे, या वेळी समज देऊन सोडतो आहोत. मी आभार मानले. कशाचे, देव जाणे. मग तोच गोड आवाज म्हणाला, उद्या मुंबईहून एक उड्डाण आहे, सहवैमानिक आजारी पडला आहे, येशील ना? इतके दिवस घरी आहेस, विश्रांती तर झालीच असेल. तो थांबला. मला बोलायला जागा होती. कित्येक रात्री मी धड डोळा मिटलेला नाही, हे एक वाक्य होतं, आणि ते कसं म्हणायचं हे मला चांगलं ठाऊक होतं. एकदा म्हटलेलंही होतं. दुसऱ्यांदा म्हटलं तर पुन्हा फोन येणार नाही, हेही ठाऊक होतं. मी येते म्हटलं. विचार करायला एक श्वासही लागला नाही.

हे पत्र टाकायचं तरी कुठे? आई सकाळी चूल पेटवेल, त्यात जाईल. तुमच्यावरचा माझा राग गेलेला नाही, जाणारही नाही. त्या धडगावच्या बाईसाठी तरी तो ठेवायला हवा. पण फोन ठेवल्यापासून तो राग मला नीट धरता येत नाही.

मी बॅग भरत होते तेव्हा आई दारात आली. आत नाही आली, उंबऱ्यातच चौकटीला धरून उभी राहिली, आणि बराच वेळ माझ्या डोळ्यांकडे बघत होती. मग म्हणाली, "झोप व्हयनी का, माय?"

मी म्हटलं, "हां, व्हयनी."