सोनीबाईच्या अंगठ्याबद्दल

प्रिय दादा,

काल तुझी तेरवी झाली. जेवणं आटोपल्यावर कोर्टातल्या तुझ्या मित्रांनी भाषणं ठोकली. 'दवाखान्यात खाटेपाशी जाऊन गरिबांचे कागद फुकट करून देणारा देवमाणूस!' वहिनी रडत होती. मी उठून मागच्या दारी गेले, नाहीतर तिथेच ओरडले असते. म्हणून हे लिहिते आहे.

सोनीबाई आठवते? घाटंजीकडच्या तांड्यावरची विधवा, माझ्या वॉर्डात विषमज्वराने पडलेली. नव्या कायद्याने नवऱ्याचं शेत तिच्या मालकीचं झालं होतं. ताप उतरला की एकच सांगायची, "खेत मार छोरीन." शेत लेकीला द्यायचं होतं तिला. म्हणून तर तुला बोलावलं. मीच बोलावलं!

तू आलास तो तिच्या पुतण्याला बरोबर घेऊन. त्या दिवशी ती तापात बरळत होती. "शेत पुतण्याले द्याचं?" तू विचारलंस.

"हौ."

मी घाईने विचारलं, "पुतण्याले नाही ना द्याचं?"

"हौ."

तू हसलास. "कमल, कायद्याले एकच हौ पुरते बाप्पा! तिच्या पोरीच्यानं शेत सांभाळनं होते काय? मी भलंच करून राह्यलो." आणि तिचा अंगठा धरून मृत्युपत्रावर टेकवलास.

तिचं भलं ठरवणारा तू कोण रे? खाटेवरचं माणूस कशालाही मान डोलावतं, हे तुझ्यासारख्या वकिलाला कळू नये?

साक्षीदार म्हणून माझी सही घेतलीस. बाबांशी भांडून मला नर्सिंगला पाठवणारा तूच. तुला नाही म्हणायला माझी जीभ रेटली नाही. मला तर तापही नव्हता.

चौथ्या दिवशी सोनीबाई गेली. तिची लेक आज त्याच शेतात पुतण्याकडे मजुरीने कापूस वेचते. तिने दावा लावला, तेव्हा तू तिलाच लोभी म्हणालास. शरम नाही वाटली?

आणि तरी तुझी आठवण येते, याचाही मला संताप येतो.

सोमवारी माझी साक्ष आहे. तुझा एक मित्र काल कानाशी येऊन म्हणाला, "सही आपली आहे, एवढंच सांगा बाई." नाही! ती शुद्धीत नव्हती आणि मला ते माहीत होतं, हे सगळं सांगणार. नोकरी जाईल, वहिनी दार लावून घेईल. घेऊ दे. तुला मात्र आता कोणी काही विचारू शकत नाही. सुटलास, दादा.

तुझी बहीण,
कमल