आई घरीच असते

प्रिय धाकट्या,

आधी तुझं अभिनंदन. शहराच्या बसमार्गांचा नवा आराखडा तुझ्या मॉडेलवरून ठरला, पेपरात फोटो आला, आईने तो कापून आरशाच्या कडेला खोचला. मी रोज केस विंचरताना तो बघते आणि रोज माझं डोकं फिरतं.

तुझं काम काय ते तूच मला कितीदा समजावलंस. कॉम्प्युटरमध्ये लुटुपुटूचं शहर वसवायचं, त्यात घरं, घरात माणसं. प्रत्येकाला सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस लावून द्यायचा. हा कामाला जाईल, ती पोराला शाळेत सोडून पुढे ऑफिस गाठेल, येताना कोणीतरी भाजी घेईल. मग कुठल्या रस्त्याला गर्दी, कुठे बस हवी, कुठे नको, सगळं आपोआप कळतं म्हणे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? लहानपणी आपण काडेपेट्यांची घरं मांडायचो तसंच वाटायचं. तेव्हाही कोणी कुठे जायचं ते तूच ठरवायचास.

म्हणून तर पालिकेच्या सभागृहात तू ते दाखवणार होतास त्या दिवशी मी रजा टाकली आणि आईला पहिल्या रांगेत बसवलं. नमुना म्हणून तू पडद्यावर एक घर उघडलंस. लॅबमध्ये नोकरी करणारी मुलगी आणि तिची म्हातारी आई. मी लगेच ओळखलं. माझा ठिपका सकाळी निघाला, संध्याकाळी परतला. आईचा ठिपका जागचा हलला नाही. तू हसत सांगितलंस, आजी काय, घरीच असतात, या वयाच्या सगळ्या बायकांचं असंच धरलंय, त्यामुळे आपल्या घराकडच्या चढावरच्या बसला दुपारी प्रवासीच उरत नाहीत. लोक हसले. आईसुद्धा हसली, टाळ्या वाजवल्या तिने. अरे गाढवा, त्याच बसने आली होती ती!

तुला ती घरीच दिसते, कारण तू येणार म्हटलं की ती कुठे जात नाही. सकाळपासून तिचे कान दाराला लागलेले असतात. एरवी ती रोज त्या बसने शुश्रूषागृहात जायची, आपल्या शेजारच्या काकूंना भरवायला. तुला सांगायचं नाही अशी मला ताकीद होती, तिच्या गुडघ्यांवरून तू ओरडशील म्हणून. आई कामावर असायची तेव्हा याच काकू ताट घेऊन तुझ्या मागे गल्लीभर धावायच्या. आता त्यांचं अर्धं अंग गेलंय. आईशिवाय कोणी घास पुढे केला की तोंड घट्ट मिटून घेतात.

बस बंद झाली. टॅक्सीवाले चढाचं नाव ऐकलं की फोन ठेवतात. माझी ड्युटी सकाळपासून संध्याकाळपर्यंत. आई चढ उतरून, मधे बस बदलून जाते आणि पोचते तोवर ताटं उचललेली असतात. काकू वाळून चालल्यात. एक दिवस आई वाटेतच भोवळ येऊन फुटपाथवर बसली, समोरच्या चपलांच्या दुकानदाराने मला फोन केला. मी तुला केला. तर तू म्हणालास, ताई, एका माणसासाठी मॉडेल बदलत नसतं, तिला आता आराम करू दे. तुझ्याकडे ने म्हटलं तर जागेची अडचण, नेहमीचं रडगाणं.

तेव्हा डोक्यात तिडीक गेली ती अजून उतरलेली नाही. मी सूड घ्यायचं ठरवलं. हो, सूडच, उगाच गोड नाव कशाला देऊ? आधी वाटलं, पेपरात लिहावं, तुझ्या साहेबांसमोर जाऊन उभं राहावं. पण त्यात तुझी दोन दिवस नाचक्की, मग सगळं थंड. मला तू रोज चडफडायला हवायस. आईला बेत सांगताना धाकधूक होती, लेकाची बाजू घेईल म्हणून. ती एवढंच म्हणाली, बॅग कुठली घेऊ?

काकूंचं शुश्रूषागृह तुझ्या ऑफिसच्या रस्त्यावर आहे. त्यांच्या खिडकीखालून तू रोज गाडी नेतोस, कधी मान वर केली नाहीस. आता आईला रोज दुपारच्या जेवणाआधी तिथे पोचवायचं, काकूंना भरवून झालं की घरी आणायचं, मधे जमेल तसं ऑफिस. तुमच्याकडून बस आहे म्हणशील. असू दे. तिने बसचा नाद सोडलाय, आता तिला मुलगाच लागणार. तुझी लुटुपुटूची माणसं हे सगळं बिनतक्रार करतात, तुला काय झालं? आणि आईची खोली कुठली ते बायकोला विचार, तिला सगळं आधीच माहीत आहे. तुझा कॉम्प्युटर कुठे हलवायचा तेही तिनेच ठरवलंय.

पत्र पोस्टात टाकलं असतं तर तू फोन करून सतरा सबबी सांगितल्या असत्यास. म्हणून ते तुझ्या दारात तुझ्या हातात आईनेच दिलंय. तुझं वाचून होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, असं मी तिच्याकडून कबूल करून घेतलंय, म्हणून ती अशी गप्प उभी आहे. मी खालून केव्हाच निघाले, फोन करू नकोस, उचलणार नाही. तुझा आत्ताचा चेहरा बघायला मिळाला नाही, एवढीच हळहळ. बॅग आत घे. तिला चपला काढू देऊ नकोस. ताटं लागायची वेळ झालीय, काकू उपाशी आहेत. किल्ली घे आणि निघ.

अजून रागातच, पण तुझीच,
ताई