बंडी : प्रमाण एकास चार

बंगळूर,
शुक्रवार, १४ फेब्रुवारी १९६४

ती. नाना,

नमस्कार. तुमचे पत्र मंगळवारी मिळाले. मामांचा खोकला बरा आहे, मामींचा गुडघा तसाच आहे. माझे वजन एक पौंडाने वाढले, एवढे आईला सांगावे. बाकीचे पत्र तिला वाचून दाखवू नये, कारण शेवटी मामा तिचा भाऊ आहे.

मी राजकारणात पडलेली नाही. मामा निवडणुकीला उभे राहिले हे खरे, आणि पडले हेही खरे. मला कारखान्याकडून मेमो आला आहे हेसुद्धा खरे. ते तुम्हाला पुण्यात बसून कसे कळले, हे मात्र मला कळलेले नाही. कर्मचाऱ्याने कोणत्याही उमेदवारास साह्य करू नये, असा आमच्याकडे नियम आहे. तो मी मोडला असा आरोप आहे. एकवीस तारखेपर्यंत लेखी खुलासा द्यायचा आहे. तो पटला नाही तर ड्रॉइंग ऑफिसातली नोकरी जाईल. "तशीही परत ये," असे तुम्ही लिहिले आहे. नोकरी गेली तर येईनच. राहिली तर त्यावर वेगळे लिहीन.

हकीकत अशी. आमच्या वॉर्डाच्या नगरसेवकाने मुदतीच्या मध्यावरच राजीनामा दिला आणि पोटनिवडणूक लागली. पक्षाच्या वॉर्ड कमिटीत अकरा माणसे. तिकीट मामांना की आप्पाजींना, यावरून ती सहा-पाच अशी फुटली. आप्पाजींचे घड्याळदुरुस्तीचे दुकान मामांच्या बाइंडिंगच्या दुकानासमोर आहे. तीस वर्षे दोघे एकाच बाकावर बसून एकच वर्तमानपत्र वाचत आले. तिकीट आप्पाजींना मिळाले, मामा बंड करून अपक्ष उभे राहिले आणि वर्तमानपत्राचीही फाळणी झाली. बाहेरची पाने आप्पाजींकडे, आतली मामांकडे. पहिल्या पानावरची बातमी आत पुढे चालू असली की दोघांचीही पंचाईत व्हायची, पण मागायला कोणी जात नसे.

मामांना ही जागा अकरा वर्षे हवी होती. हे मला मामींनी सांगितले, मामांनी नाही.

अपक्षाला निवडणुकीची खूण ऐन वेळी मिळते. ती मिळाली त्या सकाळी मामा प्रचाराला गेले होते. त्यांच्या दुकानातला बाइंडर कल्लाप्पा सायकलवरूनच ओरडला, "अक्का, बंडी सिक्तु! बेग चित्र बरीरि!" आणि तसाच पुढे पत्रके वाटायला गेला. बंडी मिळाली, लवकर चित्र काढा. त्यानुसार चित्र काढले गेले, पुठ्ठ्याचा साचा कापला गेला आणि पेंटरच्या हवाली केला गेला. संध्याकाळपर्यंत एकशे चौसष्ट भिंती रंगल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कल्लाप्पा पहिल्या भिंतीपाशी उतरला. "अय्यो अक्का! एनिदु? बंडी एल्लि? इदु अंगी!" हे काय, बंडी कुठे आहे, हा तर सदरा!

नाना, कन्नडमध्ये बंडी म्हणजे बैलगाडी.

भिंतींवर होती ती बिनबाह्यांची, पाच गुंड्यांची, दोन खिशांची बंडी. मामा बारा महिने खाकी बंडी घालतात, त्यामुळे पेंटरलाही त्यात काही वावगे वाटले नाही. पुसायला चुना नव्हता आणि वेळही नव्हता. मतदार भिंतीवर बंडी पाहणार आणि मतपत्रिकेवर त्यांना गाडी सापडणार.

आप्पाजींनी सभेत विचारले, "आमचा दामोदर पक्षाच्या तिकिटाऐवजी शिंप्याच्या तिकिटावर कधीपासून उभा राहिला?" लोक पाच मिनिटे हसत होते. त्याच मैदानात दुसऱ्या दिवशी मामांची सभा झाली. ते म्हणाले, "चित्र मीच काढलं. चष्मा घरी राहिला होता. स्वल्प सांभाळून घ्या." तेव्हा तर लोक जास्तच हसले.

ते का हसले ते लिहायचे राहिले आहे. तुम्ही व्याकरण शिकवता, तेव्हा "चित्र काढले गेले" हा कर्मणी प्रयोग तुमच्या नजरेतून सुटला नसेल. चित्र मी काढले. सहा महिन्यांत कन्नडचे एकशे त्रेचाळीस शब्द पाठ केले आहेत. कल्लाप्पाच्या वाक्यातला प्रत्येक शब्द मला समजला, आणि तिथेच घात झाला. शिवाय ड्रॉइंग ऑफिसात कोणत्याही चित्राच्या उजव्या कोपऱ्यात आखणाऱ्याचे नाव आणि प्रमाण घालतात. हाताला सवय आहे. तेही मी साच्यात कापले. त्यामुळे मामा "मीच काढलं" म्हणत होते तेव्हा त्यांच्या मागच्या भिंतीवर, तीन इंची अक्षरांत, "आखणी : एन. जी. गद्रे, प्रमाण १ : ४" असे होते. कारखान्याला माझे नाव शोधत बसावे लागले नाही.

मी तिसऱ्या रांगेत बसले होते. उठून बोलता आले असते. बोलले नाही.

मामा अडतीस मतांनी पडले. सत्तावन्न मते बाद झाली. काहींनी शिक्का समासात मारला होता. एका मतपत्रिकेवर कोणीतरी पेन्सिलीने पाच गुंड्यांची बंडीच काढली होती. मतमोजणीला गेलेला कल्लाप्पा सांगतो की गुंड्यांमधली अंतरे सारखी नव्हती.

नयना


बंगळूर,
शनिवार, २२ फेब्रुवारी १९६४

ती. नाना,

तुमची तार मिळाली. तारेतले "ताबडतोब" मला समजले.

नियम मी पुन्हा वाचला. "साह्य" करू नये, असे त्यात आहे. माझ्या चित्राने कोणालाही साह्य झालेले नाही, हाच माझा खुलासा. पण तो सिद्ध करायचा तर चित्रामुळे मामांना उपयोग झाला नाही, आणि आप्पाजींनाही झाला नाही, असे दोन्ही उमेदवारांनी लिहून द्यायला हवे होते. दुसरी सही मिळण्याची मला आशा नव्हती.

गुरुवारी संध्याकाळी आप्पाजी आपण होऊन आले. दारातच म्हणाले, "तक्रार माझ्या गटातल्या कुणीतरी केली. मी नाही. मी केली असती तर शुद्धलेखन बरं असतं." मामींनी कॉफी ठेवली. मामांनी कोरा कागद माझ्यापुढे केला, पण वर पाहिले नाही.

आप्पाजी मला सांगू लागले, "लिही. या चित्राचा झाला असेल तर फायदा मलाच झाला."

"अय्यो, ते नको लिहू!" मामा मला म्हणाले आणि आप्पाजींकडे वळले. "मग पोरीनं तुला साह्य केलं असं होतंय की."

"मग लिही, चित्र नसतं तरी मीच आलो असतो."

"कोण म्हणतो? अडतीस मतांनी? आणि बाद किती, सत्तावन्न!"

"बाद मतं सगळी तुझीच होती काय रे?"

"बंडी काढलेलं तर नक्की माझं होतं!"

मामी आतून म्हणाल्या, "निवडणूक संपली की पुन्हा घ्यायची आहे?"

असे पाऊण तास चालले. मला तिसरे वाक्य सुचत नव्हते. पहिल्याने माझी नोकरी जात होती आणि दुसऱ्याने मामांचे उरलेसुरले सगळे जात होते. निकालापासून ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते की बंडी नसती तर जागा माझीच होती. तेवढ्यावर त्यांचे दिवस चालले होते.

मग मामांनी पेन घेतले आणि स्वतःच्या अक्षरात लिहिले : "सदर चित्र नसते तरी श्री. आप्पाजी हेच निवडून आले असते." खाली सही केली आणि कागद फिरवून समोर ठेवला.

आप्पाजींनी तो दोनदा वाचला. "दामू, हे खरं नाही."

"ठाऊक आहे रे मला. सही कर."

त्यांनी सही केली. आप्पाजींनी कॉफी घेतली, फार गोड झाली म्हणाले, आणि दुसरा कप मागितला.

कागद काल दिला. आमच्या अधिकाऱ्यांनी तो वाचला, भिंतीवरच्या चित्राचा फोटो पाहिला आणि विचारले, "गुंड्यांमधलं अंतर तुम्ही मोजून घेतलंत?" मी हो म्हटले. लेखी ताकीद मिळाली आहे. नोकरी कायम आहे.

नाना, जाणूनबुजून खोटे वाक्य असलेला कागद मी पहिल्यांदाच कुठे दाखल केला. ते वाक्य मामांनी माझ्यासाठी लिहिले. ते लिहून झाल्यावर मी नोकरी सोडून पुण्याला येणे आता शक्य नाही. मामांना मी अजून नीट काही म्हणू शकलेले नाही. काल सभेबद्दल बोलायला गेले, तर "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणून त्यांनी मला डिंकाची वाटी आणायला पाठवले.

रागावणार असाल तर पाकिटातून रागवा. कार्ड इथे गल्लीतले सगळे वाचतात, आणि आता वाचून अर्थ आप्पाजी सांगतात.

तुमची आज्ञा प्रथमच न पाळणारी,
नयना