इझाबेलने सारलेलं ताट

रविवार, १२ जानेवारी

ताट बाजूला सारलं तिने! माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीने, मम्मीला जाऊन वर्ष झालं त्या जेवणाला, सगळ्यांसमोर. मम्मीच्या हातच्यासारखं आंबट-तिखट मटणाचं इंद्याल जमावं म्हणून काल दिवसभर गॅसपाशी उभी होते. इझाबेलने एक घास घेतला, डोळे मिटले, ताट ढकललं. "जीना, नको गं." एवढंच.

आणि माझा लेक रॉकी! मान खाली घालून जेवत राहिला. मावशीला एक शब्द नाही. दवाखान्यात दिवसभर लोकांचे दात बघून स्वतःची जीभ विसरला असावा.

शुक्रवार, १७ जानेवारी

फोन केला नाही. तिनेही नाही. बरं झालं!

रविवार, १९ जानेवारी

आज चर्चमध्ये ती कम्युनियनची पातळ भाकर घ्यायलाही उठली नाही. बाकावर बसून राहिली. क्वायरमधलं गाणंही सोडलंय म्हणे. मिस्सा संपल्यावर शेजारच्या क्लेमेंटीनने मला गाठलंच — "बहिणीशी भांडण मनात ठेवून कशी घेईल गं बिचारी?"

बिचारी! म्हणजे गुन्हेगार मी!

पहिल्या कम्युनियनआधी आम्ही दोघी पापडाचे गोल तुकडे जिभेवर ठेवून सराव करायचो. सिस्टर सांगायच्या, दात लावायचा नाही. मी कुडूमकुडूम चावून टाकायची. इझाबेल डोळे मिटून बसायची, पार विरघळेपर्यंत. तीच ही?

मंगळवार, २१ जानेवारी

वटारला तिच्या घरी गेले. भांडायलाच. ती गार पेज चमच्याने घेत होती, थेंबथेंब. म्हटलं, माझ्या जेवणात काय विष होतं?

तिने तोंड उघडून दाखवलं.

देवा! गालांचं आतून सालटं निघालेलं. हिरड्या लालभडक. छातीवर एक फोड — ढिला, पाण्याने भरलेला. आणि मी इंद्याल वाढलं होतं हिला! व्हिनेगरचं!

"कधीपासून?"

"सप्टेंबरातल्या मोत मावलीच्या सणापासून."

चार महिने! म्हणाली, एक दातांचा डॉक्टर आधी जेल देतो, मग व्हिटॅमिन, मग म्हणे तिखट सोडा. कोण तो?

"जाऊ दे गं. चांगला आहे बिचारा."

पुन्हा बिचारा! सगळे बिचारेच भेटतात मला.

बुधवार, २९ जानेवारी

माणिकपूरच्या त्वचेच्या डॉक्टरबाईंनी मागच्या आठवड्यात जखमेच्या कडेचा बारीक तुकडा तपासायला घेतला होता. आज निकाल आला. पेम्फिगस. अंगाची रोगाशी लढणारी ताकद स्वतःच्याच कातडीवर उलटते. कुणाला लागत नाही.

"बऱ्याचदा तोंडातच सुरू होतं," बाई म्हणाल्या. "दोन-तीन आठवड्यांत तोंड बरं झालं नाही, तर लगेच पुढे पाठवायला हवं होतं. अजून अंगभर पसरलं नाही, नशीब." स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू. मनाने बंद करायच्या नाहीत, हे त्यांनी दोनदा बजावलं.

नशीब कसलं! दोन-तीन आठवडे कुठे आणि चार महिने कुठे! बहीण पाणी प्यायलासुद्धा घाबरायची, आणि तो जेलच्या ट्यूबा देत बसला!

उद्या रॉकीला घेऊनच जाणार त्याच्याकडे. तोही दातांचाच, त्याच्यासमोर थापा चालायच्या नाहीत. इझाबेलने हात धरला — "जीना, मम्मीची शपथ, रॉकीला नको मध्ये घेऊस." शपथा घालते! नाव मी काढीनच.

गुरुवार, ३० जानेवारी

रॉकी जेवत होता. म्हटलं, चल.

उठला नाही. "कुठे जायचं, मम्मी? मावशी माझ्याकडेच येत होती."

मग त्यानेही ताट बाजूला सारलं. मी आग्रह केला नाही.